एआर की एके? हौशी नेमबाजांचा एक अमेरिकी वाद

मुंबईकराला ‘एके’ ही दोन अक्षरं 1993 मध्ये पाठ झाली, तीही वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरून. बॉम्बस्फोट खटल्यात पुन्हापुन्हा येणारी ‘एके-56’ म्हणजे कलाश्निकोव्हची चिनी नक्कल, टाइप 56. पुढे 2008 च्या नोव्हेंबरात त्याच घराण्यातल्या रायफली सीएसटी स्थानकात चालल्या. त्यामुळे याच टाइप 56 ची नागरी आवृत्ती 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या दुकानांत सुट्टीच्या दिवसाची करमणूक म्हणून, आणि बऱ्यापैकी स्वस्तात, मिळत होती हे ऐकलं की आपल्याकडचा माणूस थबकतो. तिथल्या हौशी नेमबाजांत मात्र कित्येक वर्षं एक वाद चालू आहे: घ्यायची तर एआर-15 घ्यावी की एके?

वाद ज्या दोन वाक्यांवर चालतो ती सगळ्यांना तोंडपाठ असतात. एके भरवशाची, एआर अचूक. दोन्ही वाक्यांत तथ्य आहे, पण हौशी नेमबाजाचं त्यावाचून फारसं अडत नाही. त्याची निवड शेवटी ठरते ती काडतुसं कुठून येतात, सुटे भाग कोण बनवतं आणि तो स्वतः कोणत्या राज्यात, कोणत्या कागदपत्रांवर राहतो यावरून. म्हणून या लेखात यंत्राइतकीच जागा राजकारणाला आणि कायद्याला दिली आहे.

आधी थोडा खुलासा. आपल्याकडे रायफल नेमबाजी म्हटलं की अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत किंवा 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे डोळ्यांसमोर येतो. त्यांच्या रायफलीत दर वेळी हाताने एकच छर्रा किंवा काडतूस भरावं लागतं. निमस्वयंचलित रायफलीत चाप एकदा ओढला की एकच बार निघतो, पण रिकामी पुंगळी बाहेर टाकणं आणि पुढचं काडतूस नळीत सरकवणं हे काम रायफल आपोआप करते. चाप दाबून धरला की गोळ्यांची सर सुटते ती पूर्ण स्वयंचलित, म्हणजे लष्करी. अमेरिकेत नव्या पूर्ण स्वयंचलित बंदुकांची नागरी विक्री 1986 च्या कायद्याने बंद झाली. दुकानात दिसणारी एआर किंवा एके दिसायला लष्करी असली तरी चालते निमस्वयंचलितच. आणि एआर म्हणजे ‘असॉल्ट रायफल’ नव्हे. ती अक्षरं आर्मालाइट या कंपनीच्या नावावरून आली.

ही आर्मालाइट विमानं बनवणाऱ्या फेअरचाइल्डची उपशाखा होती. तिथे यूजीन स्टोनर या अभियंत्याने 1950 च्या दशकात अॅल्युमिनियम आणि प्लास्टिक वापरून हलकी रायफल घडवली. तिचीच लहान काडतुसाची आवृत्ती म्हणजे एआर-15. कंपनीला पैशांची चणचण होती, म्हणून 1959 मध्ये हक्क कोल्टला विकले गेले. कोल्टने लष्करासाठी एम16 आणि 1960 च्या दशकाच्या मध्यापासून नागरिकांसाठी निमस्वयंचलित एआर-15 बाजारात आणली. मिखाईल कलाश्निकोव्हची पार्श्वभूमी अगदी वेगळी. सायबेरियातल्या अल्ताई भागातल्या शेतकरी घरात जन्म, 1941 मध्ये रणगाड्यावर असताना जखमी, आणि इस्पितळात पडल्या पडल्या बंदुकांची चित्रं काढायला सुरुवात. त्याची रायफल सोव्हिएत सैन्याने 1949 मध्ये स्वीकारली. 1959 मध्ये तिची हलकी, पत्रा दाबून बनवलेली एकेएम आली. आज अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक एके याच एकेएमच्या लेकी आहेत. 1990 मध्ये दोघे अमेरिकेत भेटले. एकमेकांची रायफल हातात घेऊन उभे असलेले त्यांचे फोटो प्रसिद्ध आहेत. स्टोनरला विकलेल्या रायफलींवर रॉयल्टी मिळाली, कलाश्निकोव्हला पदकं मिळाली. दोन व्यवस्थांमधला फरक सांगायला एवढं पुरे.

आता यंत्राकडे. बार झाला की नळीतल्या गरम वायूचा थोडा हिस्सा एका छिद्रातून वर काढायचा आणि त्याच्या दाबाने नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट मागे ढकलायचा, हे तत्त्व दोन्हीकडे एकच. एकेत हा वायू नळीवरच्या लांब दट्ट्यावर आदळतो. दट्ट्या बोल्ट-वाहकाला जोडलेलाच असतो, आणि हा सगळा जडशीळ लोखंडी ऐवज मागेपुढे धावतो. भागांमध्ये मोकळी जागा भरपूर, वजन भरपूर, त्यामुळे थोडी घाण, थोडा गंज, थोडं निकृष्ट काडतूस ती मुकाट गिळते. एआरमध्ये दट्ट्या दिसतच नाही. बारीक नळीतून वायू थेट बोल्ट-वाहकाच्या पोटात जातो आणि त्याला आतूनच मागे लोटतो. धावणारं वजन कमी आणि सगळं नळीच्या रेषेत, म्हणून रायफल बार झाल्यावर कमी उसळते. याची किंमत अशी की दारूचा काजळी-कचरा यंत्राच्या आतच येऊन बसतो.

एआरच्या बदनामीचं मूळ व्हिएतनाममध्ये आहे. 1960 च्या दशकाच्या मध्यावर तिथे एम16 ऐन चकमकीत अडकू लागल्या आणि सैनिक मेले. अमेरिकी काँग्रेसच्या समितीने 1967 मध्ये चौकशी केली. दोष रायफलीच्या मूळ आराखड्यापेक्षा तिच्या आजूबाजूच्या निर्णयांत सापडला. काडतुसातली दारू बदलली होती, काडतूस बसतं त्या चेंबरला क्रोमचा मुलामा दिला नव्हता, आणि ही रायफल साफ करावी लागत नाही असा समज पसरवून सैनिकांना सफाईचं साहित्यही पुरेसं दिलं नव्हतं. क्रोम आला, ब्रश आले, तेल आलं आणि तक्रारी ओसरल्या. पण बदनामी तेलाने धुतली जात नाही. आज साठ वर्षांनंतरही दुकानातला एखादा काका हीच कथा सांगून गिऱ्हाइकाला एके दाखवतो.

एकेची कीर्तीही अशीच थोडी फुगलेली आहे. चिखलात पुरा, काढा, चालवा, हा तिचा प्रसिद्ध महिमा. ‘इनरेंज’ या अमेरिकी वाहिनीने दोन्हींवर खरोखर ओला चिखल ओतून पाहिला, तेव्हा एके अडकली आणि एआर चालली. कारण सोपं आहे. एकेची मोठी सुरक्षा-पट्टी खाली केली की बाजूला लांब फट उघडी पडते आणि चिखल थेट आत जातो. एआरचं अंग मात्र जवळजवळ सगळीकडून बंद असतं. तेव्हा मोकळी जागा सफाईविना चालायला उपयोगी पडते, चिखल आत शिरायला लागला की तीच अंगाशी येते. पण हौशी नेमबाज चिखलात लोळत नाही. तो सिमेंटच्या छपराखाली, टेबलावर चटई अंथरून, शंभर यार्डांवरच्या कागदावर नेम धरतो. तिथे तेल घातलेली एआर आणि न घातलेली एके दोन्ही दिवसभर चालतात. भरवशाच्या मुद्द्यावर निवड करणं मला म्हणूनच पटत नाही.

अचूकतेचं गणित थोडं अधिक कामाचं आहे. शंभर यार्डांवर नेमबाज आपल्या गोळ्यांचा पुंजका इंचांत मोजतात. साधारण एआर चांगल्या काडतुसांनी दीड-दोन इंचात पुंजका देते, जरा चांगली नळी असेल तर इंचभरात. साध्या पोलादी पुंगळीच्या काडतुसांनी एके तीन-चार इंच पसरते, काळजीपूर्वक बनवलेली असेल तर दोनच्या आसपास. या आकड्यांमागे काडतुसाचाही वाटा आहे. एकेची 7.62 बाय 39 ची गोळी सुमारे 8 ग्रॅमची आणि सेकंदाला 700 मीटरच्या थोडी वर. एआरच्या 5.56 ची नेहमीची गोळी साडेतीन-चार ग्रॅमची, पण सेकंदाला 900 मीटरच्या वर. हलकी आणि वेगवान गोळी सपाट जाते. दोन्ही शंभर यार्डांवर जुळवल्या तर तीनशे यार्डांवर एकेची गोळी एआरच्या दुपटीहून जास्त खाली पडलेली असते. म्हणून लांबच्या नेमबाजीत एके मुळातच मागे. ओहायोतल्या कॅम्प पेरी इथे दरवर्षी राष्ट्रीय स्पर्धा भरतात. तिथल्या सर्व्हिस रायफल प्रकारात 200, 300 आणि 600 यार्डांवर नेम धरतात, आणि 1990 च्या दशकापासून त्या रांगेत एआरचंच राज्य आहे. 2016 पासून तिथे कमी शक्तीची दुर्बीणही चालते, म्हणजे डोळे थकलेल्या वयस्क नेमबाजांचीही सोय झाली.

दुर्बिणीचा मुद्दा निघालाच आहे तर सांगतो, कारण चाळिशीनंतर तो मुद्दा सगळ्यात मोठा होतो. जुन्या लोखंडी नेमात मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य या तिन्हींवर एकाच वेळी डोळा ठेवायचा असतो. एकेची खाच रायफलीच्या साधारण मध्यावर, माशीपासून जेमतेम 38 सेंटिमीटरवर. पूर्ण लांबीच्या एआरमध्ये हे अंतर जवळजवळ 50 सेंटिमीटर, आणि मागे खाचेऐवजी डोळ्याजवळ छिद्र. छिद्रातून नेम धरणं नवख्याला लवकर जमतं. शिवाय आजच्या एआरच्या पाठीवर सपाट दातेरी पट्टी असते. कोणतीही दुर्बीण किंवा लाल ठिपक्याचं यंत्र त्यावर दोन मिनिटांत बसतं आणि हलत नाही. एकेचं वरचं झाकण पातळ आणि सुटं, त्यावर दुर्बीण टिकत नाही. म्हणून डाव्या अंगाला रशियन पद्धतीची पट्टी लावून त्यावर माउंट चढवावा लागतो. जमतं, पण खटाटोप आहे, वर वजन आणि खर्च.

हाताळण्यात एआर माणसाच्या सोयीने बनलेली आहे, असं एकेच्या भक्तांनाही खासगीत मान्य असतं. उजव्या हाताची पकड न सोडता अंगठ्याने सुरक्षा-कळ फिरवता येते, तर्जनीने मॅगझीन सोडता येतं, शेवटची गोळी सुटली की बोल्ट मागेच थांबतो आणि मॅगझीन रिकामं झालं हे कळतं. एकेत सुरक्षा-पट्टी उजव्या बाजूला, मोठी आणि खटकन आवाज करणारी. मॅगझीन पुढची कड अडकवून मागे झुलवून बसवायचं. शेवटच्या गोळीनंतर बोल्ट पुढेच येतो, आणि मग चाप ओढल्यावर नुसतं ‘टक’. जुने सोव्हिएत दस्ते आखूडही असतात. ते जाड हिवाळी कोट घालणाऱ्या सैनिकासाठी होते, असं सांगतात. इथे मात्र मला एकेची बाजू घ्यावीशी वाटते. आखूड दस्ता उंच अमेरिकनांना त्रासाचा, पण आपल्या बांध्याच्या माणसाला, विशेषतः कमी उंचीच्या बाईला, तो बरा बसतो. एआरला मागेपुढे सरकणारा दस्ता असल्यामुळे तिथेही अडचण नाही. घरात दोघांनी एकच रायफल वापरायची तर ही सोय फार मोलाची. धक्का एकेला जास्त, पण कोणी घाबरून जावं असा नाही. एआरचा इतका सौम्य की नवखा माणूस चाप ओढताना डोळे मिटण्याची खोड लवकर सोडतो. बाकी एकेच्या चापाबद्दल वाईट बोलायची पद्धत आहे, ती चुकीची. बऱ्याच एकेंचा चाप साध्या एआरच्या चापापेक्षा हलका आणि एकसारखा चालतो.

यंत्राचं इतकं पुरे. खरा फरक पाडणारी गोष्ट म्हणजे काडतूस. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एके घेण्यामागे एकच भक्कम कारण होतं: स्वस्ताई. रोमानियातून आलेली रायफल निम्म्या किमतीत, आणि रशियाहून जहाजं भरून येणारी पोलादी पुंगळीची काडतुसं पितळी 5.56 च्या पुष्कळ खाली. माणूस एआरच्या पैशात एके आणि वर हजार काडतुसं घरी नेत असे. हे गणित एका झटक्यात बिघडलं नाही. 1989 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टन इथे एका माणसाने शाळेच्या आवारात चिनी एकेने गोळ्या झाडल्या आणि पाच मुलं मेली. त्याच वर्षी थोरल्या बुश यांच्या सरकारने अशा परदेशी रायफलींची आयात रोखली. पुढे परदेशी भागांतून जुळवलेल्या अशा निमस्वयंचलित रायफलीत ठरावीक वीस भागांपैकी दहाहून जास्त परदेशी नकोत असा नियम आला. म्हणून आजची ‘रोमानियन’ किंवा ‘सर्बियन’ एके पोटात अमेरिकी चाप आणि अमेरिकी मूठ घेऊन फिरते. 1994 मध्ये चिनी बंदुका आणि काडतुसं बंद झाली. 2014 मध्ये रशियाने क्रायमिया गिळंकृत केल्यावर कलाश्निकोव्ह कंपनीवर निर्बंध आले आणि तिच्या इझेव्हस्कच्या कारखान्यातून येणाऱ्या सायगा रायफली थांबल्या. 2021 च्या सप्टेंबरपासून रशियन काडतुसांच्या आयातीला नवे परवाने बंद झाले. युक्रेनच्या युद्धाने उरलीसुरली आशाही मावळली. आता 7.62 बाय 39 ची काडतुसं सर्बिया, बोस्निया अशा देशांतून किंवा अमेरिकेतूनच येतात आणि 5.56 पेक्षा स्वस्त राहिलेली नाहीत. रायफलीही तशाच: साधी एआर पाचशे-सहाशे डॉलरांना मिळते, भरवशाची एके त्याहून बऱ्यापैकी महाग. जी रायफल गरिबाची म्हणून गाजली ती आज हौशी संग्राहकाची झाली आहे. एके घ्यायचीच असेल तर हे डोळ्यांसमोर ठेवून घ्यावी.

पोलादी काडतुसांची आणखी एक अडचण नवख्याला दुकानात कोणी सांगत नाही. त्यांतल्या पुष्कळ गोळ्यांच्या आवरणात पोलाद असतं. अमेरिकेतल्या बऱ्याच बंदिस्त नेमबाजी केंद्रांत दारातच काडतुसाला लोहचुंबक लावून पाहतात, चिकटलं तर आत नेऊ देत नाहीत. पोलादी गोळीने मागची भिंत खराब होते, ठिणग्या उडतात, आणि जमिनीवरच्या पितळी पुंगळ्या गोळा करून विकणाऱ्या केंद्राला पोलादी पुंगळ्यांचा उपयोग नसतो. म्हणजे शहरात राहणाऱ्या एकेवाल्याला महाग पितळी काडतुसंच घ्यावी लागतात. फार जुनी, लष्करी साठ्यातली काडतुसं असतील तर त्यांच्या टोपीतले क्षार नळी गंजवतात. ती वापरल्यावर त्याच दिवशी साध्या पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावलं नाही तर रायफलीचं नुकसान ठरलेलं.

सुट्या भागांबद्दल बोलायचं तर इथे सामना एकतर्फी आहे. स्टोनरच्या वायूयंत्रणेचं पेटंट 1977 मध्ये संपलं आणि कोणालाही एआर बनवण्याची मुभा मिळाली. 1994 मध्ये अशा रायफलींवर संघीय बंदी आली आणि त्यांची काही वैशिष्ट्यं दहा वर्षं वर्ज्य झाली. 2004 मध्ये ती मुदत संपली आणि कारखान्यांचं पेव फुटलं. बंदूक उद्योगाच्या संघटनेच्या 2022 मधल्या आकडेवारीप्रमाणे अशा आधुनिक ‘स्पोर्टिंग’ रायफलींची अमेरिकेतली संख्या 2 कोटी 40 लाखांच्या वर आहे, आणि त्यात सिंहाचा वाटा एआरचा. मापं सगळ्यांची एकच, त्यामुळे एका कंपनीचा वरचा भाग दुसरीच्या खालच्या भागावर दोन खिळ्यांनी बसतो. कायद्याने ‘बंदूक’ म्हणून धरला जातो तो क्रमांक असलेला खालचा भाग. वरचा भाग बदलून त्याच रायफलीत वेगळं काडतूस, वेगळ्या लांबीची नळी वापरता येते. एके मात्र देशागणिक बदलते. सर्बियाच्या झास्ताव्हाचा पत्रा दीड मिलिमीटर जाड, बहुतेक इतरांचा एक मिलिमीटर. झास्ताव्हाचा दस्ता दुसरीकडे चालत नाही, बल्गेरियाच्या रायफलीची माशी वेगळी. नळी दाबून आणि पिनेने जाम बसवलेली, ती घरी बदलण्याचा प्रश्नच नाही.

एके निवडताना एकच गोष्ट जरूर विचारावी: नळी आणि बोल्ट ज्या जाड ठोकळ्यात बसतात, तो ट्रनियन ठोकून घडवलेला आहे की ओतीव. अमेरिकेत बनलेल्या काही सुरुवातीच्या एकेंमध्ये ओतीव ट्रनियन वापरले गेले. काही हजार बारांनंतर ते झिजले, बोल्ट आणि काडतूस यांच्यातलं अंतर वाढत गेलं आणि रायफल धोकादायक झाली. आता चांगले अमेरिकी कारखाने ठोकून घडवलेले ट्रनियन वापरतात आणि जाहिरातीत तसं ठळक लिहितात. लिहिलेलं नसेल तर समजून जावं. दुकानात रायफल हातात घेऊन मागून नळीच्या रेषेत पाहावं. माशी एका बाजूला कललेली असेल तर ती ठेवून द्यावी. पूर्व युरोपातल्या जुन्या आयातीत हा दोष बराच दिसे.

आता मराठी वाचकाला सगळ्यात जवळचा भाग. भारतात हा प्रश्न उद्भवतच नाही. 5.56 आणि 7.62 ही लष्करी बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत, आणि शस्त्र परवान्यावर बाळगायच्या बंदुकांची मर्यादाही 2019 च्या दुरुस्तीने तीनवरून दोनवर आली. गंमत म्हणजे दोन्ही घराणी भारतीय सैन्यात एकाच वेळी नांदतात. 2019 मध्ये मागवलेल्या सिग 716 या स्टोनरच्या मोठ्या एआर-10 च्या वंशातल्या, आणि अमेठीजवळ कोरव्यात बनणारी एके-203 कलाश्निकोव्हची.

अमेरिकेतल्या मराठी माणसाचं काय? तो बहुधा न्यू जर्सीत, बे एरियात किंवा टेक्सासात असतो, आणि पहिल्या दोन ठिकाणी हा वाद जवळपास निरर्थक आहे. स्टॉक्टननंतर कॅलिफोर्नियाने 1989 मध्ये आणि न्यू जर्सीने 1990 मध्ये एआर आणि एके दोन्हींची नावं घालून बंदी आणली. काही अंगं छाटलेल्या आवृत्त्या नियमांत बसतात, पण मॅगझीन दहा काडतुसांपुरतंच. न्यू यॉर्क, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, मेरीलँड इथेही कडक कायदे आहेत, आणि इलिनॉय व वॉशिंग्टन राज्य 2023 मध्ये त्या यादीत आले. टेक्सासात दुकानदार ओळखपत्र आणि संघीय तपासणी पाहून रायफल हातात देतो. राज्य बदलून जाणाऱ्याने रायफल गाडीत टाकण्याआधी नव्या राज्याचा कायदा वाचलेला बरा. डॅलसहून न्यू जर्सीतल्या एडिसनला बदली झालेल्याची कालची कायदेशीर रायफल उद्या गुन्हा ठरू शकते.

याहून महत्त्वाचं कलम व्हिसाचं आहे, आणि आपल्या लोकांत त्याची माहिती फार कमी. 1998 पासून संघीय कायद्यानुसार एच-1बी, एच-4, एल-1, एफ-1 यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. वैध शिकारी परवाना असणं यांसारखे मोजके अपवाद आहेत. ‘बाळगणं’ यात केंद्रावर तासाभरासाठी भाड्याने घेतलेली रायफलही येते. ग्रीन कार्ड मिळालं की ही अडचण जाते. कंपनीच्या सहलीत सगळे केंद्रावर निघाले, आपणही दोन बार काढले आणि फोटो टाकला, इतक्यावर पुढचा सगळा व्हिसा पणाला लागू शकतो. 2019 मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयात गाजलेला रेहाइफ खटला याच्याच शेजारच्या कलमाखालचा होता. विद्यार्थी व्हिसावर आलेला तरुण फ्लोरिडातल्या विद्यापीठातून काढला गेला, त्याचा दर्जा संपला, आणि त्यानंतर तो नेमबाजी केंद्रावर जाऊन दोन बंदुका चालवून आला. एवढ्यावर खटला आणि तुरुंगवासाची शिक्षा. आपला दर्जा काय आहे हे त्याला माहीत होतं, हेही सरकारने सिद्ध करायला हवं, असं सांगून सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. पण तिथवर पोचायला किती वर्षं आणि किती वकील लागले याचा अंदाज कोणीही करावा. शिकारी परवान्याच्या भरवशावर जाणाऱ्यानेही आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं, केंद्रावरच्या काउंटरवाल्याला नव्हे.

या विषयावर लिहिताना एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. 2012 मध्ये सँडी हुकच्या शाळेत, 2017 मध्ये लास व्हेगासच्या मैफलीत, 2022 मध्ये युव्हाल्डीच्या शाळेत माणसं आणि मुलं मारली गेली ती एआर पद्धतीच्या रायफलींनी. कोट्यवधी मालक शांतपणे कागदावर नेम धरतात हे खरं, आणि अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या बहुसंख्य हत्या पिस्तुलांनी होतात हेही खरं. तरीही नवख्याच्या हाती सहज वश होणं, कमी धक्का, झटपट बदलणारं मॅगझीन हे जे गुण मी वर कौतुकाने सांगितले, तेच वाईट हातांत काय करतात हे त्या शहरांनी पाहिलं आहे. एआर घेणाऱ्याने घरात कुलपाची पोलादी तिजोरी घेण्याचा खर्च रायफलीच्या किमतीतच धरावा. किशोरवयीन मुलं असलेल्या घरात तर त्याशिवाय रायफल आणूच नये, असं माझं मत आहे.

आता निवड. कायदा, व्हिसा आणि राज्य आडवं येत नसेल, तर या दोन्हींपैकी एआर घ्यावी. सोळा इंची नळी, मध्यम लांबीची वायूनळी, क्रोमचा किंवा नायट्राइडचा थर, वर साधा लाल ठिपका, इतकं पुरतं. पहिल्याच दिवशी महागडा चाप आणि चकचकीत पुढची मूठ घेण्याचा मोह आवरून ते पैसे काडतुसांवर घालावेत. एके कोणासाठी? ज्याला शीतयुद्धाच्या इतिहासात रस आहे, लाकूड आणि पत्र्याची ती ओबडधोबड चीज हातात घेऊन ज्याला मजा येते, जो शंभर यार्डांपलीकडे जाणार नाही आणि लोखंडी पाट्यांवर ठणठणाट ऐकून खूश होतो, त्याच्यासाठी. अशा माणसाला एआर कोरडी, कचेरीतल्या यंत्रासारखी वाटते, आणि तेही खोटं नाही.

खरं सांगायचं तर माझी शिफारस दोन्हींच्या आधी तिसरीच आहे. .22 ची निमस्वयंचलित रायफल, मग ती 1964 पासून विकली जाणारी रुगर 10/22 असो किंवा एआरच्या साच्यातली एखादी .22. काडतूस पाच-दहा सेंटांच्या आसपास, धक्का नावापुरता, आवाज सहन होईल असा. श्वास कुठे थांबवायचा, चाप कसा दाबायचा, बार झाल्यावरही नेम कसा धरून ठेवायचा हे सगळं तिच्यावर शिकता येतं. .22 वर नेम पक्का झाला की मग एखाद्या केंद्रावर एआर आणि एके दोन्ही भाड्याने घ्याव्यात, एकाच अंतरावर, सारख्याच काडतुसांच्या मोजणीने चालवाव्यात आणि कागद शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. बंदिस्त केंद्रात त्या दिवशी कानात बोळे आणि वर इअरमफ असं दोन्ही घालावं. रायफलीचा आवाज 150 डेसिबलच्या वर जातो, आणि शेजारच्या खिडकीत कोणी आखूड नळीची एके घेऊन उभा असेल तर नुसत्या बोळ्यांनी भागत नाही.